माय म्हणजे काय

परदेशी पाहुणे मी टॅक्सीतून खूप फिरवले, पण पाओलाबाईचं आठवलं का अजूनही चहा गोड लागत नाई, बाप्पा.

तान्ही असताना तिले अनाथाश्रमातून इटलीतल्या जोडप्यानं दत्तक नेलं होतं. चाळिशीत ते आईचं नाव अन् पोंभुर्ण्याजवळच्या गावाचा पत्ता घेऊन आली. सिंधूबाई अंगणात मासोळीचं जाळं सांधत बसली होती. "बाई, तुमची पोरगी आली," एवढं सांगून मी गाडी वळवाले गेलो. परत येतो तं पाओला मागच्या सीटवर रडून राह्यली. "चला," एवढंच म्हणाली. मायलेकीच्या मधात आपण कायले पडा, म्हणून मी विचारलं नाई.

नागपूर विमानतळापाशी ते इंग्रजीत बोलली. "मी जवळ गेले, तर ती छाती बडवून 'माय, माय' म्हणत राहिली. आमच्या इटालियन भाषेत 'माय' म्हणजे 'कधीच नाही'."

मी ब्रेकच मारला. "बाई, आमच्यात माय म्हणजे आई! 'मी तुही आई' म्हणत होती ते!"

विमानाले दोनच तास होते. गावात पत्ता विचारताना सिंधूबाईच्या शेजारणीचा नंबर घेतला होता, त्याच्यावर फोन लावून मी सिंधूबाईले बोलावलं. माही गोष्ट तिनं ऐकूनच घेतली नाई.

"भाऊ, मी माय म्हणलं अन् पोरगी मांगं सरकली. लाज वाटली तिले माही. तिले सांगजा, कागदात चूक हाये. तिची माय दुसरी कोणी असन."

फोन कटला. पुन्हा लावला तं बंद.

"काय म्हणाली?" पाओलानं विचारलं.

मी म्हणालो, "रेंज नाई."