काचेचं औषध आतून लावल्याबाबत

जबाब देणार: शाळेच्या व्हॅनमध्ये जखमी झालेल्या मुलीची आई. वय चोवीस वर्षे. धंदा: वॉशिंग सेंटरवर गाड्या धुणे व काचा करणे. शिक्षण: दुसरीपर्यंत. राहणार: सेंटरच्या मागे, खोल्यांच्या रांगेत शेवटची खोली.

मी आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, घरात मी, सासूबाई आणि माझी मुलगी अशा तिघी असतो. मुलीचे वडील बोअरच्या गाडीवर कामाला आहेत, महिना महिना बाहेर असतात. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे, घरी तिला चिमी म्हणतो. तिच्या शाळेची व्हॅन चालवतात त्यांना सगळेच मामा म्हणतात. परवा मंगळवारी सकाळी व्हॅन लाकडाच्या वखारीजवळच्या वळणावर विजेच्या खांबाला धडकली. चिमीच्या कपाळाला पाच टाके पडले आणि डावा हात मोडला. बाकी आठ मुलांना खरचटलं.

पालक म्हणतात, मामांना डुलकी लागली, त्यांचं लायसन काढून घ्या. तक्रार कुणी द्यायची, तर जिच्या मुलीला जास्त लागलं तिनं, असं त्यांनीच ठरवलं आणि मला कागद लिहून दिला. कागद मी आणला आहे. त्यावर सही केलेली नाही. मला सांगायचं ते वेगळं आहे. ते सांगितल्यावर मला आत टाकणार का, असं मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "आधी सांग तर. न ऐकता आम्ही कुणाला आत टाकत नाही." म्हणून सांगते.

मी सेंटरवर दोन वर्षांपासून आहे. काचा माझ्याकडे असतात. पावसाळ्यात पुढच्या काचेला लावायचं एक औषध येतं, त्यानं काचेवर पाणी ठरत नाही. आधी काच साबणानं धुऊन कोरडी करायची. मग फडक्यावर औषध घेऊन चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं, पांढुरका थर आला की दुसऱ्या फडक्यानं काढायचा. काढताना दोन गोल आणि एक आडवा हात, असं मारायचं, म्हणजे पट्टे राहत नाहीत. ही पद्धत माझी मीच बसवली आहे.

शनिवारी दुपारी मामांनी व्हॅन आणली. पाऊस भुरभुर होता. मी बाहेरून औषध लावून दिलं. मामांचा विश्वास बसेना. म्हणाले, "ताई, तेल लावलंस काय गं? वायपर चालेल ना माझा?" मी म्हटलं, वायपर लागणारच नाही, चला दाखवते. चिमी शाळा सुटून सेंटरवरच बसली होती, तिला पण घेतलं. मोठ्या रस्त्याला गाडी पळायला लागली तसे काचेवरचे थेंब वर चढायला लागले. पाणी वर चढतं हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या काचा केल्या, पण आत बसून पाहायची वेळ कधी आली नव्हती. चिमी म्हणाली, "आई, थेंबांची शर्यत लागली." तिनं एक थेंब आपला ठरवला, मामांनी एक ठरवला. मामा हरले. मी पण मनात एक ठरवला होता.

परत आल्यावर मामा म्हणाले, "बाहेरचं झालं गं. माझं खरं दुखणं आतलं. नऊ पोरं, नऊ ओले रेनकोट, खिडक्या बंद, पंखा कधीचा बिघडलेला. आतून अशी वाफ धरते की एका हातानं पुसत गाडी चालवावी लागते. हे आतून लावलं तर?" मी विचार केला. वाफ म्हणजे पाणीच. बाहेरचं पाणी पळतं तर आतलं का पळणार नाही? मी म्हटलं, उद्या या, बाटलीत उरलंय.

औषधाच्या खोक्यावर काय लिहिलं होतं असं साहेबांनी विचारलं. अक्षरं फार बारीक आहेत, मला लागत नाहीत. पण चित्रं आहेत, ती मी बघते. एका चित्रात गाडी आहे, गाडीच्या आत माणूस बसला आहे, त्याचा हात काचेला लागला आहे, आणि सगळ्यावर लाल फुली आहे. मी त्याचा अर्थ असा काढला की औषध लावताना आत कुणी बसायचं नाही, वासानं डोकं धरेल. म्हणून रविवारी सकाळी मी मामांना खाली उतरवलं. चिमी मागच्या सीटवर होती, तिला पण उतरवलं. सगळी दारं उघडी टाकली. तोंडाला ओढणी बांधली आणि पाय बाहेर ठेवून, अर्धी आत वाकून, काच आतून केली. अर्धा तास लागला. फुलीचं मी एवढं पाळलं. हे ऐकून साहेबांनी पेन खाली ठेवला आणि परत उचलला.

थर काढताना चिमी बाहेर उभी राहून म्हणत होती, "दोन गोल, एक आडवा." खालचा कोपरा तिनंच पुसला.

सोमवारी पाऊस नव्हता. मंगळवारी सकाळपासून जोराचा होता. साडेसातला मी चिमीला व्हॅनमध्ये बसवलं. ती मामांच्या बाजूच्या मागच्या सीटवर बसते. रेनकोटचं वरचं बटण तिला लागत नाही, ते मी लावलं. आठ वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या शिपायाचा सेंटरवर फोन आला. मी तिथून दवाखान्यात गेले. कशानं गेले ते आठवत नाही.

टाके घातल्यावर चिमी म्हणाली, "आई, काच पांढरी झाली. दुधासारखी. मी मामांना पुसून देत होते." मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, काहीतरी बोलते आहे. सासूबाई म्हणाल्या, "तिला बोलायला लावू नकोस, निजू दे." पण पांढरी हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. औषध लावल्यावर पांढरी कशी होईल? पळायला पाहिजे ना पाणी.

काल बुधवारी सकाळी कपडे आणायला घरी गेले तेव्हा करून बघितलं. चिमीचा वेणी घालायचा छोटा आरसा आहे. त्याच्या अर्ध्या भागाला औषध लावलं, अर्धा तसाच ठेवला. थर पुसला. भातावरचं झाकण काढलं आणि वाफेवर आरसा धरला. साधा अर्धा भाग धुरकट झाला, तळहातानं पुसला तर तोंड दिसलं. औषधाच्या भागावर मात्र बारीक बारीक ठिपके उठले, पिठीसाखर सांडल्यासारखे. एकाला एक चिकटत नाहीत आणि खाली पण ओघळत नाहीत. पुसलं की पसरतात आणि डोळ्यादेखत परत उठतात. मी चार वेळा केलं. भात लागला. बाहेर वारा असतो, तो थेंब ढकलतो. आत त्यांना ढकलायला कोणी नाही, हे मला तेव्हा कळलं. शनिवारी विचारात घेतलं नाही.

तो आरसा मी बरोबर आणला आहे. साहेब म्हणाले, "दाखव." मी आरशावर तोंडाची वाफ सोडून हा केलं. साहेबांना लांबून दिसेना, म्हणून त्यांनी आरसा घेऊन स्वतः हा केलं. मग हवालदारांना दिला. हवालदार म्हणाले, "साहेब, मी आत्ताच कांदा खाल्लाय." साहेब म्हणाले, "आरशाला काय त्याचं?" हवालदारांनी हा केलं आणि बराच वेळ बघत राहिले. पलीकडच्या टेबलावरची पोलीस बाई पण उठून आली, तिनं गरम चहाचा कप आरशाखाली धरला. ती म्हणाली, "अगं बाई, हे तर उलटंच झालं." तेवढा वेळ मला भीती वाटली नाही.

मामा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना कालपासून रोज सकाळी ठाण्यात येऊन बसावं लागतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, "काचेला आतून काही लावलं होतं, हे दोन दिवस का सांगितलं नाही?" मामा म्हणाले, "काय सांगू? लावा असं मीच म्हटलं होतं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं." साहेब म्हणाले, "दिसत नव्हतं तर थांबायचं." मामा म्हणाले, "थांबतच होतो. वळणावर मागून ट्रक होता, वळण संपलं की कडेला घेणार होतो."

मी त्यांना विचारलं, "मामा, चिमी उठली होती का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "लेकरू आहे ते. तिचं नाव कशाला घेता यात."

साहेबांनी परत विचारल्यावर ते म्हणाले की, ती सीटवरून उठून दोन सीटच्या मधून पुढे आली आणि काच पुसायला लागली. "मी म्हटलं, बस गं बाई, बस खाली. ती म्हणाली, थांबा मामा, मला येतं. तिला मागे बसवायला मी डावा हात काढला." पालकांना हे कळलं तर पोरीलाच बोल लावतील, म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाले.

त्यानंतर साडेअकराच्या सुमारास साहेब, हवालदार, मामा आणि मी ठाण्याच्या मागच्या आवारात व्हॅन उभी आहे तिथे गेलो. पुढची काच तडकली आहे, पण जागेवर आहे. बाहेर भुरभुर होती. बाहेरच्या बाजूचे थेंब अजून मण्यांसारखे गोळा होत होते, माझं ते काम चांगलं झालं होतं. हवालदार आत बसले आणि काचेजवळ तोंड नेऊन डावीकडून उजवीकडे हा करत गेले. काच पांढरी झाली. मामांच्या समोरची सगळी पांढरी झाली. मधे, खालच्या बाजूला, लहान बोटांच्या खुणा उठल्या. हवालदारांनी तिथे परत हा केलं. दोन गोल होते. त्याला लागून आडवा हात सुरू झाला होता, तो अर्ध्यात खाली घसरला होता.

साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं, ती काच पुसायची पद्धत आहे. आमच्याकडची.

साहेबांनी हवालदारांना फोटो काढायला सांगितले. वाफ लवकर उडत होती, म्हणून तीनदा हा करावं लागलं. तिसऱ्यांदा मामांनी केलं.

माझी मामांविरुद्ध काही तक्रार नाही. पालकांनी दिलेला कागद आणि औषधाचं खोकं मी जमा केलं आहे. सेंटरच्या मालकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारपासून आणखी कुणाची काच आतून केली का, असं साहेबांनी विचारलं. नाही केली. पण सोमवारी एका रिक्षावाल्याला मी सांगितलं होतं की आतून पण लावता येतं, तो येतो म्हणाला होता. त्याला आज जाऊन नको म्हणून सांगणार आहे. आरसा जमा करून घेऊ नये अशी विनंती केली, कारण चिमीला दवाखान्यात तो लागतो, टाके बघायचे म्हणते. साहेबांनी आरसा परत दिला. मला आत टाकणार का, हे मी परत विचारलं. साहेब म्हणाले, "आधी पोरीकडे जा. बोलावलं की ये." मी येईन.

वरचं सगळं साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवलं. मी बोलले तसंच लिहिलं आहे. एका ठिकाणी 'मुलगी काचेशी खेळत होती' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावून 'मुलगी काच पुसत होती' असं करून घेतलं, आणि खोडलेल्या जागी सही केली आहे.