गरम झाली की बंद पडते

जबाब देणार: गॅरेजवाल्या ताई, वय ४८ वर्षे, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या मागील दोन खोल्या.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझा धाकटा भाऊ जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारा, आहे. वरच्या वस्तीला धड रस्ता नाही, म्हणून तो माझ्या गॅरेजमधली डोंगरात चालणारी जुनी मोटारसायकल वापरतो. काल सकाळी तो एका अडलेल्या गाईसाठी निघाला. तो वस्तीवर पोहोचला नाही व घरीही आला नाही. त्याचा फोन लागत नाही.

आज दुपारी मोटारसायकल मोठ्या रस्त्याच्या चढावरच्या वळणावर, वस्तीची वाट फुटण्याच्या अलीकडे, उभी मिळाली व टेम्पोतून ठाण्याच्या आवारात आणली. हवालदारांनी मला सांगितले की, गाडी एका किकमध्ये चालू झाली, तिच्यात बिघाड नाही, म्हणजे तुमचा भाऊ आपणहून कुठल्यातरी ट्रकमध्ये बसून गेला. परवा त्याचे बायकोशी भांडण झाले, हे शेजाऱ्यांनी त्यांच्या कानावर घातलेच होते. भांडण झाले हे खरे आहे. मुलीला कुठल्या शाळेत घालायचे यावरून झाले. एवढ्यावरून माणसे घर सोडू लागली तर गावात चिटपाखरू उरणार नाही.

मी हवालदारांना विचारले, "पेट्रोलचा कॉक तुम्ही उघडलात का?" ते म्हणाले, "हो, बंद होता. उघडल्याशिवाय चालू कशी होणार?" या गाडीचा कार्बोरेटर गळतो. घटकाभर थांबायचे असले तरी आम्ही कॉक बंद करतो, नाहीतर परत येईपर्यंत टाकी जमिनीवर. गाडी टाकून पळणारा माणूस पेट्रोलची काळजी करत नाही. त्याला परत यायचे होते.

त्यानंतर मी आवारातच गाडी चालू करून तशीच ठेवली. जबाब घेणाऱ्या फौजदार साहेबांचा चहा संपेपर्यंत ती छान चालली. हवालदार माझ्याकडे बघून हसले. मग ती दोनदा अडखळली आणि गप्प झाली. मी प्लग काढून इंजिनाला टेकवला व हवालदारांना किक मारायला लावली. ठिणगी नव्हती. टाकीखालच्या कॉइलवर ओले फडके गुंडाळले, ती गार होऊ दिली, तेव्हा ठिणगी परत आली व गाडी चालू झाली. कॉइल म्हातारी झाली आहे. गरम झाली की मान टाकते, गार झाली की काही झालेच नाही असा आव आणते. रात्रभर वळणावर उभी राहिलेली गाडी हवालदारांच्या पहिल्या किकला चालू होणारच होती.

या गाडीला नवी कॉइल कुठे मिळत नाही. ओल्या फडक्याची युक्ती मीच त्याला दाखवली. तो म्हणायचा, "ताई, हिला ताप आला की कपाळावर पट्टी ठेवायची, झालं." त्यासाठी हँडलला तो पाण्याची बाटली व फडके बांधून ठेवतो. आता गाडीवर ती दोन्ही नाहीत. हत्यारांची पिशवी आहे, जनावरांची औषधे आहेत. म्हणजे बाटलीतले पाणी संपले आणि तो पाणी आणायला गेला. गाडी आपोआप गार होईपर्यंत बसून राहायला त्याला वेळ नव्हता. तिकडे गाय अडली होती.

त्या वळणाजवळ पाणी एकाच ठिकाणी आहे, खाली बंद पडलेल्या दगडखाणीत. तिचा काठ मुरमाचा आहे, पायाखालून सुटतो. ठाण्यातली माणसे कालपासून त्या रस्त्याने गेलेल्या ट्रकवाल्यांना फोन करत बसली आहेत. खाणीत कोणी उतरलेले नाही. साहेब म्हणतात, वळणावरून हाका मारल्या, उत्तर आले नाही. कालपासून ओरडणाऱ्याचा घसा राहतो का? उत्तर नाही म्हणजे माणूस नाही असे धरू नये. मी हात जोडते, असे लिहून घ्यावे. साहेब म्हणाले, "ताई, जबाबात हात जोडलेले लिहीत नाहीत." मी म्हणाले, "मग रडते आहे असं लिहा. ते तर दिसतंय ना तुम्हाला?"

आमच्या शेजारचा वेल्डर दोर घेऊन फाटकाशी उभा आहे. सोबत दोन शिपाई द्यावेत. मोटारसायकल मुद्देमाल म्हणून अडकवू नये. ती मला खाणीच्या काठाशी नेऊन चालू ठेवायची आहे. हिचा आवाज तो झोपेतही ओळखतो. त्याला ओ देता आली नाही तरी तो दगडावर दगड आपटेल. ती बंद पडली की आम्ही कान देऊन ऐकू, गार करू, पुन्हा चालू करू.

वरचे सगळे मला वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे व ते खरे आहे. सही केली आहे. ठाण्याच्या नळावर पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या आहेत, एक कॉइलसाठी, एक त्याच्यासाठी. उजेड आहे तोवर आम्हाला निघू द्या.