उद्या सकाळी सात, उपाशीपोटी

...नाही, पण तुम्ही खिडकीतल्या मावशींवर कशाला ओरडताय? त्यांनी नाही पाठवले ते निरोप. तुम्हाला सांगतो, मी पाठवले. म्हणजे मी नाही, मशीनने. म्हणजे मशीनने, पण माझ्यामुळे... बसा, काका, उभ्याने ऐकण्यासारखं नाहीये, त्यातून तुम्ही उपाशी. सगळेच उपाशी. त्रेचाळीस माणसं सकाळी सातला रक्त द्यायला हजर, आणि रक्त तर तुम्ही गेल्याच आठवड्यात देऊन गेलात!

त्याचं काय आहे, आपल्या या लॅबच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, त्यात एक सर्व्हिस चालते. पडद्यावर काही दिसत नाही, मागच्या मागे यादी बघते आणि मोबाईलवर निरोप धाडते, 'उद्या सकाळी सात, उपाशीपोटी यावे.' जो रक्त देत नाही त्याला पुन्हा दुसऱ्या दिवसाचं बोलावणं. सोडत नाही कुणाला. तिला मी सांभाळतो. सांभाळतो कसलं, आठवड्यातून एकदा बंद करायची, चालू करायची, झालं. पण बंद करायचीही रीत आहे. 'थांब' म्हणायचं आणि आपणही थांबायचं, पाच मिनिटं. ती हातातलं काम उरकते, कुठवर आलो त्याची खूण करते, मग जाते. माझ्या आधी जे होते, आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणायचो, त्यांनी जाताना मशीनवर कागदच चिकटवला, 'पाच मिनिटं थांबणे.' ताई, पाच मिनिटांत काय होतं हो? साधा डबा गरम होत नाही.

आणि डब्यानेच घात केला. काल एक वाजायला पाच कमी. एक वाजला की तो एक्सरेवाला डबा गरम करायला येतो, स्वतःचा, त्याच्या साहेबांचा, आणखी दोघांचा, मग आपला नंबर दीडला. म्हटलं, कोण थांबतंय पाच मिनिटं? दाबला गळा. तसं बटण असतं हो, जबरदस्तीने बंद करायचं. एका क्षणात गार. बिचारीला खूण करायलाही सवड दिली नाही मी. जेवून आलो, चालू केली, आणि ती जी जुनी खूण सापडली तिथून लागली कामाला... गेल्या आठवड्यापासून!

आज दार उघडतो तर ही गर्दी. मी काचेमागे. तेवढ्यात लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन, कुणीतरी त्यांना कळवलं असणार, स्पीकरवर, तुम्हीही ऐकलात, 'मावशी, झेपत नसेल तर सोडा आता काम.' आणि मावशी काय म्हणाल्या? 'पाठवले असतील बाई मीच चुकून. वय झालं, लक्षात राहत नाही.' अहो, बावीस वर्षांत एका बाटलीवरचं नाव चुकलं नाही या बाईचं! त्या स्वतःवरच संशय घ्यायला लागल्या आणि मी मागे उभा, तोंडात मिठाची गुळणी धरून. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोललो का? नाही. किती वेळ? पाच मिनिटं. तेवढी मात्र बरोबर थांबता आली मला.

मग केला बाईंना फोन. सगळं ओकलो. त्या एवढंच म्हणाल्या, 'मावशींच्या समोर, पेशंटांच्या समोर सांगा, मग तुमचं काय करायचं ते बघते.' तर सांगतोय. मावशी, डोळे पुसा, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, चूक माझी आहे. आणि तुम्हाला सांगतो, बाहेर येताना ती सर्व्हिसही बंद करून आलोय. गळा नाही दाबला आज, अगदी रीतसर 'थांब' म्हटलं. आता ती हातातलं काम उरकेल, खूण करेल आणि...

कुणाचा वाजला? तुमचाही? ताई, तुमचाही?

...काका, मोठ्याने वाचू नका, कळलं मला. आज तुमच्यापैकी कुणी रक्त दिलंच नाही ना... हातातलं काम उरकतेय ती.

नाही, मावशी, मागे नाही जाणार मी. गळा दाबायचा नाही असं ठरवलंय. इथेच बसतो, यांच्यात. सरका जरा, काका.

पाच मिनिटं.