दसऱ्याचं पिंप

...नाही नाही, पुष्करराव, गंज नाही, कुंकू आहे ते. टेस्टिंगचं मशीन ना, दसऱ्याला पूजा केली — बोटं अजून दिसतायत. आनंदनगर एमआयडीसीत सगळ्याच कंपन्या करतात. झेंडूचा हार घालायचा, पेढे वाटायचे, आणि त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. मी क्वालिटीचा मॅनेजर असलो तरी हे पाळतो म्हणजे पाळतोच. बसा, चहा घ्या.

तर काय सांगत होतो — त्या बड्या औषध कंपनीनं तोंडाला काळं फासलं सगळ्यांच्या. तिच्या सिरपमधल्या ग्लिसरीनमध्ये विषारी भेसळ निघाली, परदेशात मुलं गेली. आधी लघवी बंद झाली म्हणे, मग दोन-चार दिवसांत... जाऊ दे. पण भोगतंय कोण? आम्ही. पूर्वी इंडियाचं औषध म्हटलं की समोरचा डोळे मिटून ऑर्डर द्यायचा. आता देशाचं नाव ऐकलं की फोन ठेवतात. ऑर्डर देणाऱ्या तुमच्या साहेबांनी तुम्हाला इथं अंबरनाथला उगाच नाही धाडलं, कळतं मला. बघा, हवं ते बघा. ही ऑर्डर हातची गेली तर गेटला कुलूप लागेल, स्पष्टच सांगतो.

पण एक सांगू? माझी नात हिमानी तापली, तर मी मेडिकलमध्ये गेलोच नाही. इथल्याच सिरपची बाटली नेली घरी बदलापूरला, तुमच्या मालातली. याहून मोठी गॅरंटी कुठली? ताप उतरला की. जरा मलूल आहे, झोपूनच असते — पण ताप उतरल्यावर पोरं झोपतातच. झोपतात ना?

कधीचा माल? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. ग्लिसरीनचं पिंप आलं ऐन दसऱ्याला, मशीनला हार घातलेला, आणि दुसऱ्या सकाळपासून माल न्यायला ट्रक दारात, मालक डोक्यावर. मग घेतलं तसंच. तसंच म्हणजे — सप्लायरचं सर्टिफिकेट होतं ना. आणि सप्लायर काय कालचा नाही, मोठमोठ्यांना माल देतो. हो, त्या बड्या कंपनीलाही तोच द्यायचा. म्हणून काय झालं? प्रत्येक पिंप सारखं थोडंच असतं... तुम्ही कप का ठेवलात खाली?

थांबा, घरून सुनेचा फोन आहे. बोल उमा, पाहुणे बसलेत. उलटी झाली? बरं. आणि लघवी — कालपासून नाही? मग काल का नाही — नाही, ओरडत नाहीये मी. ऐक. ते औषध देऊ नकोस. बाटली फेकू नकोस, जवळ ठेव. रिक्षा कर, मोठ्या हॉस्पिटलात ने, डॉक्टरांना बाटली दाखव. मी निघालोच.

पुष्करराव, उठा. मला जायचंय. नाही, काही बोलू नका आता. फक्त एक करा — तुमच्या मालाचा तो कंटेनर अजून बंदरातच आहे का, एवढं विचारा कुणाला तरी.