पॅनेलवरचा दिवा

आपली बायको गेल्याचं माझ्या मित्रानं, शरच्चंद्रानं, पत्रानं कळवलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. कोरं आंतर्देशीय पत्र खिशात घेऊन हिंडत होतो; कुठलंच वाक्य पुरेसं वाटेना. धायरीच्या थांब्यावर बसची वाट पाहत होतो. मागच्या गॅरेजात जुन्या डोझरचा मालक आणि वायरमन बोलत होते.

"बॅटरी नवी, अण्णा. अल्टरनेटर काढून तपासला, तोही चांगला. तरी चार्जिंग नाही."

"आज झालं नाय, तर उद्या भंगारवाला नेतोय. पोरानं सौदा केलाय. आयटीवाल्यांच्या इमारतींची जमीन ह्या डोझरनंच सपाट केली."

"पॅनेलवरचा लाल दिवा कुठंय?"

"बल्ब मीच काढला."

"का?"

"आमचा आनंदा चालवायचा. दिवा लागला की म्हणायचा, दादा, उठला बघ आपला हत्ती. भाऊ गेला, मग तो दिवा बघवंना."

"तेव्हापासनंच बॅटरी बसतेय?"

"हां."

"अहो, त्या बल्बमधनंच अल्टरनेटरला पहिला करंट जातो. त्याशिवाय तो जागाच होत नाही."

"एवढ्याशा दिव्यानं?"

"एवढ्याशाच. हा घ्या बल्ब, बसवा."

"तूच बसव रं."

"नाही अण्णा, तुम्ही. हं, आता किल्ली फिरवा."

"लागला."

इंजिन धडधडलं.

"संतोष, विझला की रं!"

"विझायलाच पाहिजे. चार्जिंग सुरू झालं."

"ठाऊक हाय. इंजिन बंद नगं करायला एवढ्यात."

बस आली आणि गेली. मी बाकावरच लिहिलं, 'तुझं पत्र मिळालं. फार उशीर केला.' पुढं काही सुचलं नाही. तसंच चिकटवून थांब्याजवळच्या टपालपेटीत टाकलं.