नात्यातल्यांनी बाहेर व्हावं!

…आणि वर मलाच विचारतात, "मारोये, तू तर आतच बसतोस, मग तू का नाही बोललास?" बोललास! अहो, मी वरच्या सभागृहाचा लेखनिक, बावीस वर्षांचा जुना! लेखनिकानं लिहायचं असतं, बोलायचं नसतं. बोलायचंच तर एक वाक्य, तेही विषय पुकारला की दाराशी उभं राहून, घसा खरवडून: "नात्यातल्यांनी बाहेर व्हावं!" म्हणजे काय, तर ज्या मालकाचा विषय, त्याचे भाऊबंद, सासरे, जावई, मेहुणे, पोरांचे धर्मपिते, सगळ्यांनी अंगणात जाऊन थांबायचं आणि उरलेल्यांनी मत द्यायचं. न्यायाला नातं नको, म्हणून. नियम चांगलाच आहे हो, मी कुठं नाही म्हणतो? पण आमचं प्रजासत्ताक केवढं? या बुरुजावर कुणी शिंकलं तर त्या बुरुजावरचा म्हणतो, "शतायुषी हो!" सरदार घराणी अकरा, आणि तीनशे वर्षं मुली दिल्या त्या एकमेकांतच… आता यात परका कुठून आणायचा, सांगा!

पण क्रमानं सांगतो. क्रम सोडला की मला लिहिता येत नाही, आणि रडताही येत नाही.

सोमवारी सकाळी जहाज आलं, अलेक्झांड्रियाहून, गोस्पार ओर्सातांच्या मालकीचं; सरदाराला आमच्याकडं गोस्पार म्हणतात. बंदराबाहेरच नांगर टाकला आणि साथीचा बावटा चढवला. जहाजावर माणसं तेवीस, त्यांतली दोन तापानं फणफणलेली, पाणी दहा दिवसांचं. समोरच्या बेटावर अशा जहाजांसाठी पडव्या आहेत, विहीर आहे, वैद्य आहे. पण तिथं उतरायचं तर सभागृहाची परवानगी हवी, आणि ती मिळेपर्यंत होडीनं जवळ जायचं नाही, गेलात तर फाशी. आणि जहाजावरचा स्वयंपाकी कोण? माझा धाकटा भाऊ, पास्को! माझ्या मेजाशेजारी खिडकी आहे, तिच्यातून जहाज सरळ दिसतं. सकाळी त्याच्या चुलीचा धूर वर आला की मी समजायचो, आहे, पठ्ठ्या आहे… आणि मग लेखणी बुडवायचो.

तुम्ही म्हणाल, भाऊ जहाजावर, मग तुलाच कसं बाहेर नाही काढलं? अहो, नियम मालकाच्या नात्याचा! स्वयंपाक्याचं नातं मोजायला नियमाला वेळ कुठं आहे?

तर सोमवारी सभागृह भरलं, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस हजर, हजेरी माझ्या हातची आहे. विषय पुकारला: ओर्सातांच्या जहाजास बेटावर उतरू द्यावे काय? आणि मी दाराशी जाऊन ओरडलो, "नात्यातल्यांनी बाहेर व्हावं!" एक उठला, दोन उठले, अहो, बाकं रिकामी व्हायला लागली! एकोणीस गेले. उरले सव्वीस, आणि गणसंख्या लागते तीस. कोपऱ्यातून गोस्पार साविन, वय वर्षं ब्याऐंशी, नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारे, नाकातून म्हणाले, "गणसंख्या नांही. विषंय पटलांवर आलांच नांही असं लिहां." मी लिहिलं. आलाच नाही! खिडकीतून दिसत होता मला, डुलत होता लाटांवर, आणि आलाच नाही!

घरी गेलो तर पास्कोची बायको देशा उंबऱ्यात उभी. "अहो भावोजी, झालं ना?"

"बुधवारी होईल."

बुधवारी दोन विषय होते. पहिला, समुद्रापलीकडच्या राजाला भेट म्हणून पाठवायच्या ससाण्यांचा: त्यांना प्रवासात ऊन लागू नये म्हणून पिंजऱ्यावर छत घालावे काय? मी ओरडलो, "नात्यातल्यांनी बाहेर व्हावं!" कुणी हललं नाही. ससाण्यांना आमच्यात नातेवाईक नाहीत, नशीबवान पाखरं! पंचेचाळीस विरुद्ध शून्य, छत मंजूर. दुसरा विषय जहाजाचा. पुन्हा तीच हाक, पुन्हा बाकांचा खडखडाट, आणि या खेपेला गेले किती? एकवीस! मी दोनदा मोजले. सोमवारचे एकोणीस, मग हे दोन आले कुठून? तर झालं असं, की सोमवारी अंगणात उभं राहून राहून ही मंडळी कंटाळली, कुणी सुके अंजीर काढले, कुणी गप्पा काढल्या, आणि गप्पांत दोन सोयरिकी जमवून मोकळे झाले! बाहेर थांबावं तर नातं वाढतं, नातं वाढलं की बाहेर थांबावं… आणि बंदराबाहेर बावटा.

त्या दिवशी जहाजावरून दोन लांबट गाठोडी पाण्यात सोडली. धूर होता. मी लिहीत होतो.

शुक्रवारी एका शहाण्यानं सूचना मांडली की या एका जहाजापुरती गणसंख्या वीस धरावी. मी लेखणी बुडवून तयारच! तेवढ्यात साविन, डोळे मिटलेलेच: "सूंचना कुणाच्या जंहाजाची? ओर्सातांच्यां. मंग मारोये, हांक दे." सूचना मंजूर करायलाही तीसच लागतात, आणि मी दिली हो! माझ्याच तोंडानं! "नात्यातल्यांनी बाहेर व्हावं!"

देशानं त्या दिवशी ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "पंचेचाळीस माणसं, भावोजी. आणि पाण्याचं एक पिंप पुढं ढकलवत नाही."

शनिवारी गोस्पार ओर्सात स्वतः माझ्या मेजाशी आले. त्यांचाही पोरगा जहाजावर होता. चार दिवस दाढी नाही, सदऱ्याची बटणं वरखाली. म्हणाले, "मारोये, तू सरदार नाहीस."

"नाही, गोस्पार."

"तुझा आत एकही नातेवाईक नाही."

"झाडूवालासुद्धा नाही."

"मग जहाज तू घे. बक्षीस म्हणून घे. मालक परका झाला की सगळ्यांना बसता येईल."

काय डोकं! विषय पटलावर आलाच नव्हता ना? मग मालकी बदलायला आडकाठी कसली? एका ओळीचा दस्त, दोन साक्षीदार, आणि पाच मिनिटांत मी, दोन खोल्यांच्या घरात राहणारा माणूस, तीन डोलकाठ्यांचा धनी! देशाला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मग धनी, तुमच्या स्वयंपाक्याला म्हणावं, घरी ये."

सोमवारी पुन्हा पंचेचाळीस. विषय पुकारला: मारोये यांच्या जहाजास बेटावर उतरू द्यावे काय? मी दाराशी गेलो, छाती भरून ओरडलो, "नात्यातल्यांनी बाहेर व्हावं!" आणि कुणी म्हणजे कुणी उठलं नाही! बाकं गच्च! ओर्सात ओठ चावून बसलेले, सगळे माझ्याकडे बघतायत. मी हसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दालनात हसलो…

आणि साविननी डोळे उघडले.

"मारोये," म्हणाले, "मांलक तूंच नां?"

"होय, गोस्पार."

"मंग तूं आंत कसां?"

अहो, बावीस वर्षं ती हाक देणारा मी! सगळी कलमं तोंडपाठ! आणि त्या हाकेत आपणही येतो, हे माझ्या टाळक्यात आलं नाही! मी लेखणी ठेवली आणि बाहेर गेलो. आणि मी बाहेर, तर लिहिणार कोण? न लिहिलेला ठराव म्हणजे न झालेला ठराव. नवा लेखनिक नेमायचा, तर जाहीरनामा नऊ दिवस दारावर लावायचा, मग शपथ. मी म्हटलं, जहाज कोळ्याला देतो, न्हाव्याला देतो, कुणालाही देतो! तर नाही. आता गणसंख्या होती, विषय पटलावर आला होता, आणि पटलावरच्या मालाची मालकी बदलता येत नाही.

नऊ दिवस मी अंगणात बसलो. तिथूनही जहाज दिसतं. सहाव्या दिवशी धूर आला नाही. म्हटलं, सरपण संपलं असेल. सातव्या दिवशी म्हटलं, वारा पडलाय, धूर वर चढत नसेल. आठव्या दिवशी काही म्हटलं नाही.

दहाव्या दिवशी नव्या लेखनिकानं शपथ घेतली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. अक्षर बरं आहे पोराचं. जहाजावरून सात माणसं उतरली. ओर्सातांचा मुलगा उतरला. पास्को नाही.

प्रेत बेटावरच पुरलं, तिकडं जायची बंदी. इकडं चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. पुढच्या बाकावर मी आणि देशा. मागं बघतो तर सगळं सभागृह आलेलं, पंचेचाळीस, साविनसुद्धा, खुर्चीतून उचलून आणलेले. पाद्रीबाबांनी पास्कोचं नाव घेतलं, मेणबत्ती हातात धरली आणि हळूच म्हणाले, "नात्यातल्यांनी पुढं यावं."

देशा उठली. मीही उठलो…

आणि तुम्हाला सांगतो, अंगणात जाऊन, दार नीट लोटून उभा राहिलो, तेव्हा कुठं कळलं, की बाबा 'पुढं' म्हणाले होते.