ऐनवेळचे विषय : निरंक

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि हेदशेत ग्रुप ग्रामपंचायतीचे प्रशासक, माननीय विस्तार अधिकारी साहेब; पंचायत समितीतून खास वेळ काढून आलेले माझे सहकारी; हेदशेतच्या गावकीचे प्रमुख विठूआबा; उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारी हर्षला; आमचे शिपाई काळूराम; आणि हेदशेत, बौद्धवाडी व उंबरवाडीतून आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

ग्रामसेविका म्हणून तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही भाषण लिहून वाचलं नाही. आज वाचणार आहे, आणि त्याचं कारण आधी सांगते. काल संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "मॅडम, उद्या पाच मिनिटं, दोन चांगले शब्द. त्या पानाचा विषय तेवढा नको." मी फोन ठेवला आणि लिहायला बसले. आपल्या कार्यालयात तोंडी बोललेलं कुणी बोललंच नव्हतं असं ठरवायला अर्धा दिवस पुरतो. लिहिलेलं ठरवायला थोडा जास्त लागतो.

सर्वप्रथम या सुंदर फलकाबद्दल आयोजकांचे आभार. निरोप माझा आहे, फोटो साहेबांचा मोठा आहे. हरकत नाही. त्यांचं दर्शन आपल्याला एरवी दुर्मीळच असतं.

मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, कर्जतला घर, भिसेगावात. पुस्तकात राज्यपद्धतींचे प्रकार होते, प्रत्येकाची व्याख्या, गुण, दोष. परीक्षेत मला त्यात चांगले गुण मिळाले. नोकरीत आले आणि कळलं की ते पुस्तक लिहिणारा माणूस कर्जतच्या पुढे कधी आला नसावा. पळसदरीकडे माझी पहिली नेमणूक होती. तिथे शनिवार-रविवारचे बंगलेवाले वाढले, तेव्हा गावाच्या त्या अर्ध्या भागावर सरपंचाचं नाही, फाटकावरच्या वॉचमनचं राज्य सुरू झालं. घरपट्टीची नोटीस द्यायला गेले, तर तो म्हणाला, "मॅडम, पहले ग्रुप पे पूछना पडेगा." ग्रुपवर विचारलं गेलं. उत्तर आलं नाही. अंगठा आला.

खाली भातशेतीच्या गावांत गावकी. देवळात बसतात, मोठमोठ्यानं भांडतात, मग कुणीतरी सुपारी फोडतो आणि ठरतं. बौद्धवाडीत कमिटी. तिची वही माझ्या वहीपेक्षा स्वच्छ, हे मी काळूरामसमोर कबूल करते, कारण ती तोच लिहितो. आणि वर डोंगरात, उंबरवाडीत ना सुपारी, ना वही. सगळे बोलून थकले की मोतीबाई उठतात, लुगडं झटकतात आणि चालू लागतात. म्हणजे सभा संपली, आणि ठरलं ते ठरलं.

संकट आलं की हे सगळे प्रकार बदलतात. रोगराईच्या वर्षी प्रत्येक गावाच्या वेशीवर एकेक आडवा बांबू आला आणि बांबूपाशी बसलेला माणूस कलेक्टर झाला. पुराच्या वर्षी ग्रामपंचायतीत कंबरभर पाणी होतं. तेव्हा तीन दिवस आपलं कार्यालय कमलेशच्या टेंपोत होतं, कारण उंच चाकं आणि चालू चार्जर त्याच्याकडेच होता. त्या तीन दिवसांत जितके निर्णय झाले, तितके पुढच्या तीन वर्षांत झाले नाहीत. कमलेश मागे उभा आहे. हसू नकोस रं, तुझं कौतुक करत नाहीये. बाकीच्यांची लाज काढतेय.

आणि मग आला तो प्रकार, जो माझ्या पुस्तकात नव्हता. पंचायतीची मुदत संपली, निवडणूक लांबली, सरपंच आणि सदस्य घरी गेले, आणि प्रशासक आले. लोक नाहीत, मतं नाहीत, भांडण नाही. एक माणूस, चार ग्रामपंचायती आणि एक गाडी. साहेब, तुमच्या कारकिर्दीत एकही तंटा झाला नाही, असं अहवालात लिहिलं आहे. खरं आहे. भांडायला समोर कुणीतरी लागतं.

आता मी त्या पानावर येते. साहेब, घड्याळ बघू नका. पाच मिनिटं झाली आहेत, मला माहीत आहे.

हर्षला सोडून या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे की ग्रामसभेला आपल्याकडे कुणी येत नाही. अर्धा तास वाट बघायची, माणसं अपुरी म्हणून सभा तहकूब करायची, आणि मग त्याच जागी, त्याच सात जणांत तहकूब सभा भरवायची. तिला संख्येची अट नसते. शेवटी 'ऐनवेळचे विषय', म्हणजे विषयपत्रिकेत नसलेलं पण तिथल्या तिथे कुणी मांडलेलं. ते कुणी मांडत नाही. म्हणून 'निरंक'. गेली तीन वर्षं हे इतकं ठरलेलं होतं, की मी प्रोसिडिंगच्या वहीत सभेचं वृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे. ऐका, नीट ऐका. सभा व्हायच्या आधी, घडलेल्या सभेचं वृत्त. माझ्या सुवाच्य अक्षरात. मी शिस्तीची बाई म्हणून प्रसिद्ध आहे. ही माझी शिस्त.

यंदा एक मेच्या ग्रामसभेचं वृत्तही मी तीस एप्रिलला लिहिलं. पान सत्त्याऐंशी. 'उपस्थिती अपुरी असल्याने सभा तहकूब. तहकूब सभा त्याच ठिकाणी. ऐनवेळचे विषय : निरंक. आभार मानून सभा संपली.'

एक मेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या या हॉलमध्ये उंबरवाडी उतरली. त्रेचाळीस घरं. कडेवरची पोरं, म्हातारे, सगळे. त्यांच्यामागून, काय मागायला आलेत ते बघू म्हणून, हेदशेत आलं. बौद्धवाडी आली. काळूरामनं पोरं सोडून मोजले, दोनशे एकतीस. खुर्च्या संपल्या, लोक खिडकीत बसले.

मोतीबाई पुढे आल्या. हातात कारवीची काठी.

"मॅडम, माज्या घरामागं डोंगराला भेग पडली हाय. मागल्या साली तिच्यात बोट जायचं. औंदा ही काठी घातली तर बुडाली. हात सोडला असता तर गेलीच व्हती."

दरडीखाली अख्खी वाडी जाते म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मोतीबाई म्हणाल्या, पावसाच्या आत आमाला खाली रस्त्याकडचं गायरान द्या.

विठूआबा उठले. आबा, मी जे झालं तेच सांगणार, रागावू नका. आबा म्हणाले, "गायरान गुरांचं हाय. आमची गुरं कुठं चरतील?"

"तुमची गुरं हाईत कुठं, आबा? म्हशी इकून सा वर्सं झाली. तिथं तुमचे नातू चरतात, ब्याटी घेऊन."

हॉल हसला. आबाही हसले, मग हसायचे थांबले. ती काठी त्यांनी मागून घेतली आणि किती बुडाली ती खूण बोटानं चाचपून बघितली. बराच वेळ. मग म्हणाले, "घ्या. पन पीच सोडा. पोरांची म्याच असती."

"पीच ठेवा," मोतीबाई म्हणाल्या. "आमचीबी पोरं खेळतील."

हा ठराव. क्रिकेटचं पीच सोडून उरलेलं गायरान उंबरवाडीच्या त्रेचाळीस घरांना द्यायला गावाची संमती. विरोधी मत एकही नाही. मी कच्च्या कागदावर शब्दन्‌शब्द लिहून घेत होते, कारण तेहतीस वर्षांत मी पहिल्यांदा ग्रामसभा बघत होते.

माननीय प्रशासक साहेब तेव्हा कुठे होते? बाहेर. अंगणात. तीन ठिकाणची झेंडावंदनं उरकून आले होते, आणि गर्दी बघून गाडीतून उतरले नाहीत. त्यांनी काळूरामकडून वही मागवली. गाडीची काच चार बोटं खाली आली, वही तिरकी होऊन आत गेली आणि सही होऊन तिरकीच बाहेर आली. पान सत्त्याऐंशीवर. न वाचता. लगेच मोबाईलवर पानाचा फोटो निघून तालुक्याला गेला, 'ग्रामसभा शांततेत संपन्न'. दोनशे एकतीस माणसं पंधरा पावलांवर ओरडून बोलत होती आणि सभा तहकूब झाली होती.

मी खरा ठराव लिहून, प्रस्ताव करून तालुक्याला पाठवला. एकोणीस मेला तो परत आला. शेरा असा, की सभावृत्तानुसार ऐनवेळचे विषय निरंक असल्याने ठराव ग्राह्य धरता येत नाही.

मी साहेबांकडे गेले.

"अक्षर तुमचं आहे ना, मॅडम?"

"हो."

"सही माझी आहे. मग दोघांनी चौकशी कशाला लावून घ्यायची? तुमचे दहा दिवस राहिलेत. पेन्शनचे कागद नीट जाऊ द्या. हा विषय पंधरा ऑगस्टच्या सभेत घेऊ."

"मग विशेष ग्रामसभा बोलवा. तुम्हाला अधिकार आहे."

"कशाला? उगाच पायंडा पडतो."

सभागृहानं हे वाक्य लक्षात ठेवावं. डोंगर पडला तर चालतो, पायंडा पडता कामा नये.

हे मी मोतीबाईंना जाऊन सांगितलं. सांगताना 'तहकूब' या शब्दाचा अर्थही सांगावा लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग डोंगरालाबी सांगा ना मॅडम, तहकूब हो म्हनावं. तुमचं ऐकंल तो, तुमी सरकार."

तेहतीस वर्षांत मला अनेकांनी नावं ठेवली. इतकी नेमकी कुणी ठेवली नाहीत.

बावीस मेला मी वही उघडली आणि पान सत्त्याऐंशीवर, साहेबांच्या सहीखाली लिहिलं : 'वरील मजकूर सभेच्या आदल्या दिवशी लिहिलेला असून खोटा आहे. लिहिणारी मी. प्रत्यक्ष झालेल्या सभेचं वृत्त पुढील पानावर.' पुढच्या पानावर ठराव लिहिला, आणि काळूरामनं वही घेऊन घरोघर फिरून दोनशे एकतीसच्या दोनशे एकतीस सह्या आणि अंगठे घेतले. त्याच्या नकला मी तहसील आणि प्रांत कार्यालयात स्वतः नेऊन दिल्या. खालापूरला, तहसीलच्या आवक टेबलावरच्या भाऊसाहेबांनी वाचलं आणि विचारलं, "बाई, हे तुमच्याच विरुद्ध आहे, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय, आवक क्रमांक टाका. त्यांनी टाकला. प्रांतसाहेबांचा निर्णय अजून आलेला नाही. माझी चौकशी मात्र प्रस्तावित झाली आहे. त्या बाबतीत आपलं प्रशासन अजिबात संथ नाही.

साहेबांनी मला तीनदा सुचवलं की चार्ज देण्याआधी ती ओळ खोडावी. साहेब, मी खोडणार नाही. पेन्शन अडकली तर भिसेगावात माझं घर आहे आणि शिकवण्या घेता येतात. मला तुमचा राग नाही. राग यायला समोरच्यानं काहीतरी करावं लागतं. तुम्ही वाईट माणूस असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही फक्त काच चार बोटं खाली करणारे आहात, आणि मी तीन वर्षं त्या फटीत मावेल असं लिहून देणारी होते.

दरम्यान कागदाची वाट न बघता आबांच्या गावकीनं बांबू दिले, बौद्धवाडीनं पत्रे दिले, आणि कमलेशचा टेंपो गेला आठवडाभर वर-खाली करतोय. एकोणीस घरं गायरानावर आली. चोवीस अजून वर आहेत. ती अडाणी म्हणून वर आहेत, असं परवा एक साहेब म्हणाले. नाही. ती शहाणी आहेत. त्यांनी विचारलं, "कागद नाय, आन उंद्या अतिक्रमन म्हनून उटवलं तर? वरचंबी गेलं नि खालचंबी." याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते द्यायचा अधिकार ज्यांना आहे, ते या व्यासपीठावर शालीची घडी सारखी करत बसले आहेत.

मोतीबाईंचं घर सगळ्यात वर, भेगेला लागून. मी म्हटलं, तुम्ही तरी उतरा. म्हणाल्या, "सगळी उतरली की उतरंन. मी आदी उतरली तं मागची कुनाकडं बघतील?" पुस्तकात या राज्यपद्धतीचं नाव मला सापडलं नाही. हर्षला, तुला सापडलं तर मला कळव गं.

आता समारोप. काळूराम, तू माझी सावली होऊन राहिलास, तुझे आभार मी मानत नाही, ते फिटणारे नाहीत. आबा, मोतीबाई, कमलेश, तुमचे मानते. ज्यांना माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं त्यांनी ते मनात ठेवावं, काही दिवस उपयोगी पडेल. ज्यांच्या बाबतीत माझ्या हातून खरोखर चूक झाली, त्या त्रेचाळीस घरांची मी उभी राहून, सर्वांसमोर माफी मागते. जेवण करून जावं. भात उंबरवाडीच्या बायांनी शिजवला आहे.

चार्ज यादी मी सभागृहातच वाचून देते.

*कार्यभार हस्तांतरण. दिनांक ३१ मे. ठिकाण : जिल्हा परिषद शाळा, हेदशेत.*

१. गोल शिक्का एक, आडवे शिक्के दोन.

२. कपाटाच्या किल्ल्या तीन. तिसरी कशाची आहे हे मला माझ्या आधीच्यांनी सांगितलं नाही.

३. जन्म-मृत्यूची नोंदवही, आजपर्यंत भरलेली.

४. प्रोसिडिंगची वही. पान ८७ व ८८ जसेच्या तसे, खाडाखोड नाही.

५. तहसील व प्रांत कार्यालयाच्या पोचपावत्या, प्रत्येकी एक.

६. उंबरवाडीत अजून वर राहणाऱ्यांची यादी. घरं चोवीस, माणसं एकशे सात, पैकी चालता न येणारी दोन.

अनुक्रमांक १ ते ५ : हर्षला यांनी घेतले. प्रशासकांची सही आहे.

अनुक्रमांक ६ : 'ही वस्तू नाही' असे सांगून प्रशासकांनी सही केली नाही. हर्षला यांनी मोतीबाईंना शेजारी बसवून एकेक नाव ताडून पाहिले. गेल्या मंगळवारी जन्मलेली एक मुलगी माझ्याकडून राहिली होती, ती घातली. माणसं एकशे आठ. हर्षला यांनी सही केली.